एसटीच्या तिकिटापासून सुरुवात करा: आरोग्य संशोधनात सहभागींचा खर्च आणि संशोधकांचा प्रवास बजेटमध्ये कसा मांडावा

नवा संशोधक पहिलं बजेट कसं लिहितो, हे मी बरीच वर्षं जवळून पाहते आहे. आधी मनुष्यबळ, मग किट आणि रिएजंट, मग डीप फ्रीजर, मग लॅपटॉप. सगळ्यात शेवटी ‘प्रवास’ म्हणून एक गोल आकडा टाकला जातो आणि त्यातच सगळं कोंबलं जातं: स्वतःची परिषद, फील्डवरच्या मुलांचं पेट्रोल आणि उरलंच तर सहभागींचं गाडीभाडं. प्रस्ताव मंजूर होताना दहा-पंधरा टक्के कात्री लागते. कात्री कुठे लागते, ते सांगायला नको.

मी ग्रामीण भागातल्या अभ्यासांवर समन्वयक म्हणून काम करते. माझ्या पहिल्याच प्रकल्पात सहभागी मातांना गाडीभाडं द्यायचं ठरलं होतं, पण ते संस्थेच्या लेखा विभागातून चेकने यायचं आणि यायला तीन-तीन महिने लागायचे. दुसऱ्या भेटीला न आलेल्या एका बाईच्या घरी मी गेले. ती ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. म्हणाली, “ताई, त्या दिवशी खुरपणीचा रोज बुडाला, गाडीला उसने घेतले. पोर बरं आहे. मग कशाला येऊ?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी तिने आमच्या अभ्यासाला स्वतःच्या पदरचे पैसे घातले होते, आणि आमच्या बजेटमध्ये त्याची कुठेच नोंद नव्हती.

हा लेख पहिल्यांदा प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी आहे: एमडी किंवा एमपीएचचे विद्यार्थी, पीएचडी करणारे, छोट्या संस्थेत काम सुरू केलेले. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, कारण हिशोब गावागावाप्रमाणे बदलतो आणि मला इथलाच माहीत आहे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

‘सहभाग’ हा एकच शब्द आपण तीन कामांसाठी वापरतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. पहिलं काम अभ्यासात सामील होण्याचं: रक्त देणारी, प्रश्नावलीची उत्तरं देणारी, औषध घेणारी व्यक्ती. दुसरं काम माहिती पोचवण्याचं: गावसभा, पत्रकं, निकाल सांगणं. तिसरं काम ठरवण्यात वाटा घेण्याचं: प्रश्न कोणता विचारायचा, भेटी किती ठेवायच्या, संमतीपत्रात कोणता शब्द लोकांना कळत नाही, हे सांगणारी माणसं. ब्रिटनमधल्या एनआयएचआर या सार्वजनिक निधीसंस्थेने या तिन्हींना तीन वेगळी नावं दिली आहेत आणि तिच्या जागतिक आरोग्याच्या निधीसाठी अर्ज करताना लोकसहभागाची योजना आणि तिचा खर्च मांडावाच लागतो. तिकडच्या विद्यापीठासोबत भागीदारीत अर्ज करणाऱ्या आपल्याकडच्या गटांनी हे आधीच लक्षात घ्यावं. तिकडचा भागीदार विचारेल तेव्हा आकडा तयार असला पाहिजे.

तिन्ही कामांचे पैसे वेगळे असतात. पहिल्यात खर्चाची भरपाई आणि गेलेल्या वेळेचा मोबदला, दुसऱ्यात कार्यक्रमाचा खर्च, तिसऱ्यात मानधन. एका ओळीत लिहिलंत तर समीक्षकाला काही कळत नाही आणि लेखापरीक्षकाला सगळंच संशयास्पद वाटतं.

नियम काय म्हणतात

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, मानवी सहभाग असलेल्या संशोधनासाठीची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २०१७ साली आली. त्यातला मोबदल्याचा भाग छोटाच आहे, तो स्वतः वाचा. गाभा असा: अभ्यासासाठी झालेला प्रवासखर्च भरून देता येतो. वेळ आणि गैरसोय यांचा मोबदला देता येतो, रोख किंवा वस्तुरूपात. अभ्यासासाठी म्हणून केलेल्या तपासण्यांचा भार सहभागीवर टाकता येत नाही. संमती पालकाने दिली असेल, तर पालकाला प्रवास आणि किरकोळ खर्चापलीकडे पैसे देता येत नाहीत. रक्कम इतकी मोठी नसावी की माणूस धोका बघायचा सोडून पैशांकडे बघेल. आणि या सगळ्याला एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची, आधी मंजुरी हवी.

नव्या औषधाची चाचणी असेल तर २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स लागू होतात. त्यानुसार सहभागीला काही पैसे मिळणार असतील तर ते संमतीपत्रातच लिहावे लागतात. चाचणीमुळे इजा झाली तर वैद्यकीय उपचार आणि नुकसानभरपाई हा वेगळा विषय आहे. त्याची तरतूद सहसा विम्यातून होते. तो आकडा गाडीभाड्याच्या ओळीत मिसळू नका.

‘आमिष होईल’ ही भीती नव्या संशोधकांना फार असते, म्हणून ते शून्य रुपये लिहितात. माझं मत स्पष्ट आहे: शून्य रुपये हीही एक रक्कम आहे, आणि ती गरिबाला सगळ्यात महाग पडते. ज्याचा पगार रजेच्या दिवशीही चालू राहतो तो येतो. ज्याचा रोज बुडतो तो गळतो. मग तुमच्या निष्कर्षांत त्या दुसऱ्या माणसाचा आजार उरतच नाही.

हिशोब गावात बसून करा

प्रस्ताव लिहायच्या आधी एक दिवस काढा आणि सहभागी जिथून येणार त्या सगळ्यात लांबच्या वाडीवरून केंद्रापर्यंत स्वतः या. सार्वजनिक वाहनाने. सकाळची एसटी किती वाजता, ती चुकली तर वडापचे (खासगी जीपचे) किती, फाट्यापासून दवाखान्यापर्यंत रिक्षा किती घेते, परतीची शेवटची गाडी कधी, हे वहीत लिहा. एका अभ्यासात आम्ही भेटीची वेळ सकाळी उपाशीपोटी रक्तासाठी आठची ठेवली होती आणि पहिली एसटी स्टँडवर पोचायची पावणेदहाला. बाया आदल्या रात्रीच नातेवाइकांकडे मुक्कामाला येत होत्या. ही गोष्ट आम्हाला चौथ्या महिन्यात कळली.

आणखी एक बारकावा. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. लेखा विभाग म्हणेल, तिकिटावर जेवढं छापलंय तेवढंच देऊ. कागदावर हे बरोबर आहे. पण एसटी दोनच वेळा येणाऱ्या वाडीवरून ती बाई परतताना वडापने पूर्ण भाडं देऊन जाते आणि वडापवाला तिकीट देत नाही. म्हणून तिकिटावर आधारित भरपाईऐवजी अंतरावर आधारित ठरीव रक्कम सुचवा: दहा किलोमीटरच्या आत इतके, दहा ते तीस इतके, तीसच्या पुढे इतके. टप्पे एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या. एकदा मंजूर झाले की तिकिटांचा त्रास बराच कमी होतो.

बुडालेल्या रोजासाठी आधार हवा असतो, नाहीतर कमिटीतलं कुणीतरी विचारतंच की हा आकडा कुठून आणला. रोजगार हमीची केंद्राने जाहीर केलेली मजुरी हा सगळ्यांना मान्य होणारा आधार आहे. महाराष्ट्रासाठी ती २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये आणि २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होती. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतावर यापेक्षा जास्त मिळतात, म्हणून मी प्रस्तावात ‘किमान’ हा शब्द न चुकता लिहिते.

आता एक उदाहरण मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या तालुक्याचे तुम्ही घाला. १५० माता, प्रत्येकीच्या १८ महिन्यांत ४ भेटी, म्हणजे ६०० भेटी. बाई एकटी येत नाही. बाळ आणि सासू किंवा नणंद सोबत असते. दोघींचं जाण्या-येण्याचं भाडं सरासरी १६० रुपये, तिचा रोज ३१२, दोघींचा चहा-नाश्ता ८०. झाले ५५२, आपण ५५० धरू. ६०० भेटींचे ३,३०,००० रुपये. बाळ मध्येच आजारी पडलं की ठरल्याव्यतिरिक्त भेटी होतात, त्यासाठी दहा टक्के राखीव: ३३,०००. सल्लागार गटातले ८ जण, ६ बैठका, प्रत्येकी मानधन, प्रवास आणि चहा मिळून ७०० रुपये: ३३,६००. निकाल सांगायला १० गावांत सभा, प्रत्येकी ३,०००: ३०,०००. एकूण ४,२६,६००.

हा आकडा बघून प्रमुख संशोधक दचकतात. दचकू द्या. मग शेजारी डीप फ्रीजरचं कोटेशन ठेवा आणि शांतपणे विचारा की नमुने द्यायला कुणी आलंच नाही तर त्यात काय ठेवायचं.

एक चूक टाळा: ‘२० टक्के गळती होणारच’ म्हणून भेटींचे पैसे २० टक्के कमी धरू नका. गळती गृहीत धरून बजेट केलं की पैसे पुरावेत म्हणून गळती होऊ दिली जाते. आणि दुसऱ्या वर्षी भाडं वाढतं, तेही पहिल्या दिवशीच धरा.

प्रस्तावात कोणत्या हेडखाली लिहायचं

निधी देणाऱ्या प्रत्येक संस्थेचा नमुना वेगळा असतो. काहींत सहभागींसाठी स्वतंत्र रकाना असतो, काहींत नसतो. नसेल तर आवर्ती खर्चात ‘सहभागींचा प्रवास व वेळेचा मोबदला’ अशी ठळक उपओळ करा. आकस्मिक खर्चात दडवू नका, कारण आकस्मिक खर्चावर टोनर, कुरिअर आणि फर्निचरची दुरुस्ती आधीच डोळा ठेवून असतात. ‘प्रवास’ हेडमध्येही घालू नका. तिथे संशोधकांचा प्रवास असतो, आणि वर्षाच्या शेवटी या दोघांत ओढाताण झाली की कोण जिंकतं हे ठरलेलं आहे.

समर्थन मात्र नीट लिहा. समीक्षकाला ‘पेशंट ट्रॅव्हल ४ लाख’ नको असतं. त्याला भेटी गुणिले दर हवा असतो आणि दर कसा आला ते हवं असतं. वहीतला तो दिवस इथे कामी येतो.

परदेशी निधी असेल तर वेळापत्रक सैल ठेवा. आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या प्रकल्पांना आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते आणि स्वयंसेवी संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी घेण्यासाठीची, नोंदणी. ही कागदपत्रं येईपर्यंत गावात जाऊन ‘पुढच्या महिन्यात सुरू करतोय’ असं सांगू नका.

पैसे हातात कसे द्यायचे

माझा नियम एकच आहे: भेट संपली, बाई उठली, पैसे हातात. त्याच दिवशी, गाडी पकडायच्या आधी. यासाठी संस्थेकडून इम्प्रेस्ट, म्हणजे फिरती अग्रिम रक्कम, घ्यावी लागते. पंधरा दिवसांच्या भेटींना पुरेल एवढी घ्या, हिशोब द्या, पुन्हा घ्या. लेखाधिकाऱ्याला प्रकल्प सुरू व्हायच्या आधी भेटा, कागद घेऊन भेटा, आणि त्यांच्या अडचणी ऐका. रोख रक्कम कुणाच्या नावावर, कुलूपबंद कुठे, तपासणी कोण करणार, हे त्यांचे प्रश्न रास्त असतात.

बऱ्याच संस्था आता थेट बँक खात्यावरच पैसे टाकतात. पारदर्शकतेसाठी ते चांगलं आहे, पण तीन गोष्टी आधी बघा. खातं खरंच तिचं आहे का आणि ती ते वापरते का? अनेकदा पैसे आल्याचा मेसेज नवऱ्याच्या फोनवर जातो आणि पैसेही त्याच्याकडेच राहतात. दुसरं, केवायसी अपुरं म्हणून खातं बंद पडलेलं असतं. तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर: पासबुकात आणि मेसेजमध्ये पैसे पाठवणाऱ्याचं नाव येतं. अभ्यास एचआयव्ही, क्षयरोग, वंध्यत्व किंवा मानसिक आजारावर असेल आणि पासबुकात प्रकल्पाचं नाव छापलं गेलं, तर तिने घरात जे लपवलं होतं ते बँकेने उघड केलं. प्रकल्पाच्या पैशांसाठी ज्यातून काहीच कळणार नाही असा संकेतांक बँकेकडून आणि लेखा विभागाकडून आधीच ठरवून घ्या, आणि पहिला व्यवहार स्वतःच्या खात्यावर करून काय छापलं जातं ते डोळ्यांनी बघा.

हातपावतीचंही तेच. पावतीवर अभ्यासाचं पूर्ण नाव नको, फक्त प्रकल्प क्रमांक. सहभागीचं नाव लेखा विभागाला लागत असेल तर नाव आणि सहभागी क्रमांक जोडणारी यादी कुणाच्या कपाटात राहील हे लिहून ठेवा. सही येत नसेल तर अंगठा, शेजारी साक्षीदाराची सही. रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं महसूल तिकीट. गाडीभाड्यात ती वेळ येत नाही, पण सल्लागार गटाचं मानधन एकत्र दिलं तर येऊ शकते.

आणि तिकिटं! एसटीच्या मशीनमधून येणारं तिकीट उष्णतेवर छापणाऱ्या कागदाचं असतं. आम्ही एका वर्षाची तिकिटं पावत्यांना चिकटवून फायली रचल्या होत्या. लेखापरीक्षक आले, फाईल उघडली, तर पानापानावर डिंकाने चिकटवलेले कोरे पांढरे कपटे. आकडे सगळे उडालेले. काही ठिकाणी डिंकामुळेच शाई आधी गेली होती. तेव्हापासून तिकीट आलं की त्याच दिवशी झेरॉक्स, झेरॉक्सवर सहभागी क्रमांक आणि तारीख, आणि मूळ तिकीट डिंक न लावता पाकिटात. नव्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी शिकवते.

लांबच्या भेटी, आणि कोणी कुणाकडे जायचं

लांब चालणाऱ्या अभ्यासांत नातं पैशांपेक्षा मोठं असतं, पण ते टिकवायलाही पैसे लागतात. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेला पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी घ्या. तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांचा मागोवा ती मोठी होईपर्यंत घेतला गेला. इतकी वर्षं माणसं जोडलेली राहावीत यासाठी घरोघरी जाणारे कार्यकर्ते, गाड्या आणि तपासणीच्या दिवसाची पूर्ण व्यवस्था लागते. हे सगळं कुठल्या तरी बजेटच्या ओळीत लिहिलेलं असावं लागतं.

मराठवाड्यात काम करत असाल तर पंचांग हाताशी ठेवा. बीडकडची कुटुंबं ऊसतोडीला दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत सांगली, कोल्हापूर, कर्नाटकातल्या फडावर असतात. तुमच्या अभ्यासाची सहा महिन्यांची भेट जानेवारीत पडली तर बाई येणार नाही, आणि तिला बोलावणं अन्यायाचं आहे. कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, थांबला की दोघांचा रोज जातो आणि मुकादमाची उचल डोक्यावर असते. इथे उत्तर उलटं आहे: दोन कार्यकर्ते फडावर जातील. त्यांचा प्रवास, मुक्काम आणि नमुने थंड ठेवण्याची पेटी यांचा खर्च धरा. संशोधकांच्या प्रवासाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

भरतीच्या वेळीच विचारा: पुढच्या वर्षभरात कुठे-कुठे असाल? माहेर कुठलं? पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे माहीत असूनही प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहिताना आपण विसरतो.

सल्ला देणाऱ्यांना मानधन

संशोधनाची दिशा ठरवण्यात लोकांना घ्यायचं ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘सर्च’ने आदिवासींना विचारून दवाखाना बांधला. त्यांच्या सांगण्यावरून त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं आणि बांधणीही त्यांच्या गावासारखी ठेवली, कारण मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटायची. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ मध्ये देशातली पहिली एचआयव्ही लसीची चाचणी सुरू झाली, तेव्हा समाजातल्या माणसांचा सल्लागार गट हा त्या कामाचा भाग होता. एचआयव्हीच्या क्षेत्रात ही पद्धत पुढे लेखी झाली. यूएनएड्स (संयुक्त राष्ट्रांचा एड्स कार्यक्रम) आणि एव्हॅक (एचआयव्ही प्रतिबंधावर काम करणारी संस्था) यांची लोकसहभागाची मार्गदर्शक तत्त्वं २००७ मध्ये आली आणि २०११ मध्ये सुधारली गेली.

आपल्या छोट्या अभ्यासासाठी आठ-दहा जण पुरतात. सरपंच आणि गुरुजी बोलावल्याशिवाय येतातच. तुम्हाला हव्यात त्या आधी असा आजार भोगलेल्या दोघी, एक आशाताई, एक वडाप चालवणारा (रस्ते आणि वेळा त्याच्याइतक्या कुणाला माहीत नसतात) आणि गावाबाहेरच्या वस्तीतलं कुणीतरी. बैठक ठेवताना आशाताईला ‘तुमचं कामच आहे ते’ असं म्हणू नका. ते तिचं काम नाही. तिला कामाप्रमाणे मोबदला मिळतो आणि तुमच्या बैठकीचे दोन तास त्यात मोजले जात नाहीत. गटात सगळ्यांना समान मानधन द्या, डॉक्टरला जेवढं तेवढंच तिला.

मानधन म्हणजे हार-तुरे आणि शाल नव्हे. शाल घरी पेटीत जाते. आणि मानधनाबरोबर त्यांच्या सल्ल्याने काय बदललं ते पुढच्या बैठकीत सांगा. आमच्या गटाने पहिल्याच बैठकीत संमतीपत्रातला ‘यादृच्छिक’ हा शब्द काढून ‘चिठ्ठ्या टाकून’ असं करायला लावलं. एथिक्स कमिटीने तो बदल मान्य केला.

संशोधकाची परिषद

आता तुमचा प्रवास. फील्डवरचा प्रवास आणि परिषदेचा प्रवास वेगवेगळा लिहा. फील्डसाठी भाड्याच्या गाडीचे दिवस, किलोमीटर आणि चालकाचा भत्ता. मोटरसायकल वापरणाऱ्या कार्यकर्त्यांना संस्थेच्या दराने किलोमीटरमागे पैसे. परिषदेसाठी वर्षाला एखादा देशांतर्गत प्रवास बहुतेक वेळा प्रकल्पातून मान्य होतो.

परदेशी परिषदेसाठी प्रकल्पाच्या पैशावर विसंबू नका, स्वतंत्र अर्ज करा. आयसीएमआर तिच्या संस्थांबाहेरच्या शास्त्रज्ञांना आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी मदत देत आली आहे. विज्ञान-अभियांत्रिकीच्या संशोधकांना एसईआरबी या केंद्राच्या संशोधन मंडळाची ‘इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्ट’ योजना परिचित होती. एसईआरबीची जागा २०२४ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांतले पत्ते तपासून घ्या. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची सीटीईपी ही परिषदा आणि प्रवासासाठीची आणखी एक योजना. आणि सगळ्यात दुर्लक्षित दार म्हणजे परिषद भरवणारी संस्था. इंटरनॅशनल एड्स सोसायटीसारख्या संस्था कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संशोधकांना आणि समाजातल्या प्रतिनिधींनाही शिष्यवृत्ती देतात. गोषवारा पाठवतानाच त्या अर्जाचंही बघायचं असतं. नंतर आठवून उपयोग होत नाही. तुमच्या सल्लागार गटातल्या कुणाला मंचावर बसवता येत असेल, तर तिच्या नावानेही अर्ज भरा, आणि तिच्या पासपोर्टचं काम त्याच आठवड्यात सुरू करा.

वेळेचं गणित उलटं मोजा. युरोपातली परिषद असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी त्याचं शुल्क ९० युरो आहे. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून दोन महिने हाताशी ठेवा. केंद्र सरकारचे नियम पाळणाऱ्या संस्थेत असाल तर विमानाचं तिकीट बाल्मर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढायचं असतं, आणि शक्यतो प्रवासाच्या २१ दिवस आधी. दुसऱ्या संकेतस्थळावर दोन हजार स्वस्त मिळालं म्हणून काढलेलं तिकीट परताव्यात नाकारलं जातं. बोर्डिंग पास जपून ठेवा. तोही त्याच उडणाऱ्या कागदाचा असतो.

बहुतेक प्रवास अनुदानं परताव्याच्या स्वरूपात मिळतात. म्हणजे आधी खर्च तुम्ही करायचा. पगार तुटपुंजा असलेल्या संशोधन सहायकाला हे झेपत नाही, तेव्हा संस्थेकडे अग्रिम मागा आणि गटप्रमुख असाल तर त्याच्यासाठी तुम्ही मागा. बाईला तीन महिन्यांनी चेक मिळणं चुकीचं असेल, तर या मुलालाही तेच लागू आहे.

एप्रिल ते जुलैची खिंड

३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. मिळालेले पैसे कशावर वापरले ते सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-अ या नमुन्यात आणि सोबत खर्चाचं विवरणपत्र जातं. ते गेलं, तपासलं गेलं, मग पुढचा हप्ता येतो. तो एप्रिलमध्ये येत नाही. पगार कसेबसे संस्था चालवते. सहभागींचे पैसे मात्र थांबतात. आणि हेच दिवस पेरणीचे, खुरपणीचे, जेव्हा एक दिवस काढणं बाईला सगळ्यात जड असतं.

म्हणून जानेवारीतच लेखा विभागाबरोबर बसा. शिल्लक रक्कम पुढे नेण्याची परवानगी मागायची असेल तर पत्र फेब्रुवारीत जाऊ द्या. संस्थेच्या स्वतःच्या निधीतून चार महिन्यांच्या भेटींपुरती उचल मंजूर करून ठेवा. यूसी सनदी लेखापालाच्या सहीसाठी मेपर्यंत पडून राहणार नाही, याचा पाठपुरावा रोज एका माणसाने करायचा. तेही जमणार नसेल तर भेटींचं वेळापत्रकच असं आखा की जून-जुलैत कमीत कमी भेटी पडतील. गर्भारपणाच्या अभ्यासात ते शक्य नसतं, साखरेच्या आजाराच्या अभ्यासात बहुधा असतं.

शेवटचा प्रवास

निकाल सांगायच्या गावसभा आपण प्रकल्पाच्या शेवटच्या महिन्यात ठेवतो. त्याच महिन्यात कार्यकर्त्यांचे करार संपतात, गाडीचं भाडं बंद होतं आणि प्रमुख संशोधक अहवालात बुडालेले असतात. सभा राहून जाते. म्हणून तिचे पैसे आणि तारीख शेवटच्या तिमाहीच्या आधीच्या तिमाहीत लिहा, अंतरिम निष्कर्षांवर घ्यावी लागली तरी चालेल. रात्री जेवणं झाल्यावर, देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर. प्रत्येक सहभागीला तिचे स्वतःचे तपासणीचे आकडे वेगळ्या बंद पाकिटात द्या. हिमोग्लोबिन कमी आलेल्यांची यादी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला त्यांच्या परवानगीने आधीच कळवलेली असू द्या. आणि त्या पाकिटांचा, त्या रात्रीच्या गाडीचा आणि चालकाच्या मुक्कामाचा खर्च पहिल्या मसुद्यातच धरून ठेवा.